जुन्या विंडोजवरून युनिक्सच्या प्रिंटरवर प्रिंट जात नाहीये? कागदाच्या बाजूने शोधायला सुरुवात करा

जुना पीसी, म्हणजे विंडोज ९८ किंवा एक्सपीवाला, अजून चालू ठेवण्याची कारणं बरीच असतात. एखादं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर इन्स्टॉलच होत नाही, एखाद्या मशीनचा कंट्रोल प्रोग्राम फक्त तिथेच चालतो, नाहीतर डॉसमधलं काहीतरी असतं ज्याला हात लावायची कोणाची हिंमत नसते. आणि प्रिंटर मात्र जोडलेला असतो लिनक्स किंवा फ्रीबीएसडीच्या मशीनला. मग प्रिंट दिली की जुना पीसी म्हणतो जॉब गेला, युनिक्सवाला म्हणतो माझ्याकडे काही आलंच नाही, आणि प्रिंटर शांत बसून असतो.

अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर पीसीवरचा ड्रायव्हर काढून परत टाकतात. ते करू नका. ड्रायव्हरचा दोष असतो कधीकधी, पण तो सगळ्यात शेवटी तपासायचा. जॉबच्या रस्त्याचे चार तुकडे आहेत: पीसीवरचा ड्रायव्हर, मग नेटवर्कवरचा प्रोटोकॉल, मग युनिक्सचा स्पूलर (जॉब रांगेत ठेवून प्रिंटरकडे पाठवणारा प्रोग्राम) आणि त्याचे फिल्टर (जॉब प्रिंटरच्या भाषेत बदलणारे), आणि शेवटी प्रिंटर. आपण उलटं जायचं, प्रिंटरकडून पीसीकडे, आणि एक तुकडा नक्की चालतोय हे दिसल्याशिवाय मागच्या तुकड्याकडे वळायचं नाही.

(कमांड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.)

आधी युनिक्सवरून एक कागद काढून दाखवा

युनिक्स मशीनवर बसा आणि 'एलपी -डी' पुढे क्यूचं (म्हणजे त्या प्रिंटरच्या रांगेचं) नाव आणि पुढे कुठलीही छोटी टेक्स्ट फाइल, उदाहरणार्थ /ईटीसी/होस्ट्स, असं देऊन बघा. कागद आला तर छान. नाही आला तर जुन्या पीसीला दोष देण्यात काही अर्थच नाही, भानगड इथेच आहे.

मग 'एलपीस्टॅट -टी' चालवा. यात दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात आणि लोक त्या एकच समजतात. क्यू जॉब 'स्वीकारतेय' का हे एक, आणि क्यू 'एनेबल' आहे का म्हणजे प्रिंटरकडे पाठवतेय का हे दुसरं. स्वीकारतेय पण एनेबल नाही अशा अवस्थेत जॉब नुसते साठत राहतात, आणि पीसीच्या बाजूने बघणाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत गेलं. कप्स या युनिक्सवरच्या प्रचलित स्पूलरच्या 'कप्सएनेबल' आणि 'कप्सअ‍ॅक्सेप्ट' या दोन कमांड क्यूचं नाव देऊन चालवल्या की ती परत सुरू होते.

पण ती बंद का पडली ते कळायला हवं, नाहीतर उद्या परत तेच. कप्समध्ये प्रत्येक क्यूची एक एरर पॉलिसी असते आणि बऱ्याच ठिकाणी ती 'स्टॉप-प्रिंटर' असते. म्हणजे एका जॉबच्या वेळी प्रिंटर बंद होता किंवा केबल सैल होती, की कप्स अख्खी क्यू थांबवून ठेवतं आणि कोणीतरी हाताने चालू करेपर्यंत ती तशीच राहते. 'एलपीअ‍ॅडमिन -पी' क्यूचं नाव '-ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रिट्राय-जॉब' असं एकदा करून टाकलं की प्रिंटर परत सुरू झाल्यावर जॉब आपोआप निघतो. निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात असं माझं मत आहे.

'डीएफ -एच' करून /व्हार भरलेलं नाही ना तेही बघून घ्या. स्पूलला जागा नसेल तर जॉब कधी अर्धवट येतात, कधी गायबच होतात, आणि एरर मात्र वेगळंच काहीतरी सांगते.

आता एक सवय लावून घ्या. 'कप्सकंट्रोल' (टाइप करताना सी-यू-पी-एस-सी-टी-एल) याला डॅश डॅश डीबग-लॉगिंग देऊन डीबग चालू करा, आणि एका खिडकीत /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग 'टेल -एफ' लावून उघडं ठेवा. आता जुन्या पीसीवरून प्रिंट द्या. लॉग हलला का? हलला नाही तर दोष नेटवर्कचा किंवा प्रोटोकॉलचा. हलला, पण कागद आला नाही किंवा कचरा आला, तर दोष फॉरमॅटचा आणि फिल्टरचा. या एका प्रश्नाने अर्धं रान बाद होतं.

लॉग हलतच नसेल तर

पीसीवरून युनिक्स मशीनला पिंग करा, पण नावाने नाही, आयपी नंबरने. नावाने केलं तर नाव न सापडणं आणि मशीन न सापडणं यात गोंधळ होतो. पिंग गेलं नाही तर सबनेट मास्क दोन्हीकडे एकच आहे का बघा. युनिक्स मशीनचा आयपी डीएचसीपीने (म्हणजे राउटरकडून आपोआप) मिळत असेल तर राउटरमध्ये तो पक्का करून टाका, कारण जुन्या विंडोजचा प्रिंटर पोर्ट आयपीवर बांधलेला असतो आणि पत्ता बदलला की तो मुकाट्याने जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो.

पिंग जातंय, आता पोर्ट. प्रिंट पाठवायच्या वाटा तीन: एलपीडी (युनिक्सचा जुना प्रिंट प्रोटोकॉल) म्हणजे टीसीपी ५१५, आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) म्हणजे ६३१, सांबा (युनिक्सवरून विंडोजच्या पद्धतीचं शेअरिंग देणारा प्रोग्राम) म्हणजे १३९ आणि ४४५. पीसीच्या कमांड प्रॉम्प्टवर 'टेलनेट', पुढे आयपी, पुढे ५१५. काळी रिकामी खिडकी आली तर जोडणी झाली, ती बंद करून टाका. लगेच 'कनेक्ट फेल्ड' आलं तर तिथे ऐकणारं कोणी नाही. बराच वेळ लटकून मग फेल झालं तर मधे फायरवॉल पॅकेट गिळतोय. हा लगेच आणि उशिरा यातला फरक नीट लक्ष देऊन बघा.

युनिक्सच्या बाजूला 'एसएस -एलटीएन' किंवा जुन्या सिस्टिमवर 'नेटस्टॅट -एएन' करून कोण ऐकतंय ते दिसतं. इथे एक नेहमीचा घोळ आहे, ६३१ च्या पुढे १२७.०.०.१ दिसतं. म्हणजे कप्स फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतंय, आणि डिफॉल्ट तसंच असतं. 'कप्सकंट्रोल'ला डॅश डॅश शेअर-प्रिंटर्स द्या आणि त्या क्यूला 'एलपीअ‍ॅडमिन'ने 'प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू' करा, दोन्ही लागतं, एकाने भागत नाही.

नेटवर्कबद्दल अजून एक, कारण हे पटकन कोणाला सुचत नाही. पिंग व्यवस्थित, एका पानाची प्रिंट व्यवस्थित, पण चित्रं असलेला मोठा जॉब रांगत रांगत येतो किंवा मधेच तुटतो, तर नेटवर्क कार्ड आणि स्विच यांच्यात डुप्लेक्सचा (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा जातो, तो फुल; आळीपाळीने जातो, तो हाफ) मेळ बसत नाहीये का ते तपासा. जुन्या कार्डला हाताने फुल डुप्लेक्स लावलेलं असतं आणि स्विच ऑटोवर असतो, मग स्विचला समोरच्याकडून काही उत्तर मिळत नाही आणि तो हाफ धरून चालतो. दोन्हीकडे ऑटो ठेवा, किंवा दोन्हीकडे हाताने एकच सेटिंग ठेवा.

कोणता प्रोटोकॉल घ्यायचा

माझं उत्तर सरळ आहे: एक्सपी किंवा २००० असेल तर एलपीडी, ९८ असेल तर नाइलाजाने सांबा, आणि आयपीपी चाललं तर दोघांसाठी उत्तम पण त्यात किरकिर जास्त.

एलपीडी अगदी साधा प्रोटोकॉल आहे, १९९० च्या आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेला, आणि साधा असल्यामुळेच जुन्या मशीनला झेपतो. कप्समध्ये तो आपोआप चालू नसतो. 'कप्स-एलपीडी' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे जो इनेटडी, एक्सइनेटडी किंवा सिस्टमडीच्या सॉकेटमधून (जोडणी आली की प्रोग्राम सुरू करणाऱ्या सेवांमधून) चालतो, तो आधी चालू करा. एक्सइनेटडीमध्ये त्याच्या फाइलीत 'डिसेबल = नो' केलं की झालं. सिस्टमडी असेल तर कप्स-एलपीडी.सॉकेट एनेबल करून स्टार्ट करायचं. या प्रोग्रामच्या तक्रारी कप्सच्या लॉगमध्ये येत नाहीत, त्या सिसलॉगमध्ये जातात, म्हणून एरर_लॉग गप्प असेल तर तिकडेही डोकवा.

एक्सपीवर प्रिंटर जोडताना 'नेटवर्क प्रिंटर' निवडायचं नाही, 'लोकल प्रिंटर' निवडायचं आणि आपोआप शोधण्याची खूण काढून टाकायची. मग नवीन पोर्ट, प्रकार स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, पत्त्यात युनिक्स मशीनचा आयपी. डिव्हाइस ओळखता आलं नाही असं म्हणेल, म्हणू दे, 'कस्टम' निवडून सेटिंग्जमध्ये जा. प्रोटोकॉल आधीपासून 'रॉ' आणि ९१०० असतो, तो 'एलपीआर' करा. क्यू नेममध्ये युनिक्सवरच्या क्यूचं नाव अक्षर न् अक्षर तसंच, लहान-मोठ्या लिपीसकट, कारण युनिक्सला त्यात फरक पडतो आणि विंडोजच्या सवयीने लोक पहिलं अक्षर कॅपिटल करून मोकळे होतात.

त्याच खिडकीत खाली दोन चौकोन आहेत. 'एलपीआर बाइट काउंटिंग' ला खूण करा. एलपीडीत डेटा पाठवण्याआधी फाइल किती बाइटची आहे ते सांगायचं असतं, आणि विंडोज खूण नसेल तर ते मोजत बसत नाही, मग काही सर्व्हर जॉब नाकारतात. खूण केली की मोठे जॉब जरा उशिरा निघतात, ते चालवून घ्या. दुसरा चौकोन 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड', त्याची खूण काढा. विंडोज त्या पत्त्यावर यूडीपी १६१ ला प्रिंटरची अवस्था विचारतं, पलीकडे प्रिंटर नसून युनिक्स मशीन असल्यामुळे उत्तर येत नाही, आणि विंडोज 'ऑफलाइन' दाखवून जॉब अडवून ठेवतं.

समोर कप्स नसून जुना बीएसडीचा एलपीडी असेल तर त्याचे स्वतःचे नखरे आहेत. पीसीचं नाव किंवा पत्ता /ईटीसी/होस्ट्स.एलपीडी मध्ये नसेल तर तुमच्या होस्टला लाइन प्रिंटर अ‍ॅक्सेस नाही अशा अर्थाचा संदेश येतो. तिथे नाव टाका आणि तो पत्ता उलटा शोधल्यावर तेच नाव मिळतं का तेही बघा, नाहीतर /ईटीसी/होस्ट्समध्ये ओळ घाला. छोटे जॉब येतात आणि मोठे कापले जातात असं दिसलं तर प्रिंटकॅपमध्ये (एलपीडीच्या क्यूंच्या सेटिंगची फाइल) 'एमएक्स#०' आहे का बघा. जुन्या एलपीडीत फाइलच्या आकाराला १००० ब्लॉकची मर्यादा आधीपासूनच असते आणि शून्य म्हणजे मर्यादा नाही. आणि 'आरएस' हा शब्द त्या नोंदीत असेल तर ज्यांचं त्या मशीनवर खातं आहे त्यांचेच जॉब घेतले जातात, विंडोजवरचं युजरनेम तिथे नसेल तर जॉब परत.

अजून एक मजेशीर गोष्ट. आरएफसीप्रमाणे एलपीडीच्या क्लायंटने स्वतःच्या बाजूला फक्त ७२१ ते ७३१ एवढेच पोर्ट वापरायचे, म्हणजे अकराच. जे जुने क्लायंट हा नियम तंतोतंत पाळतात, विंडोज एनटीच्या काळातले, त्यांच्यावरून भराभर पंधरा-वीस छोटे जॉब सोडले की अकरा पोर्ट संपतात, वापरलेला पोर्ट काही मिनिटं मोकळा होत नाही, आणि प्रिंटिंग अचानक थांबून परत आपोआप सुरू होतं. असा पॅटर्न दिसला तर सर्व्हरवर काही शोधू नका.

आयपीपीसाठी एक्सपीत नेटवर्क प्रिंटर निवडून इंटरनेटवरचा प्रिंटर या पर्यायात एचटीटीपी, मग आयपी, कोलन ६३१, स्लॅश 'प्रिंटर्स' स्लॅश क्यूचं नाव. आयपीच टाका, कारण कप्स विनंतीत आलेलं होस्टचं नाव तपासतं आणि अनोळखी नाव असेल तर ४०० बॅड रिक्वेस्ट देतं. नावच वापरायचं असेल तर कप्सडी.कॉन्फमध्ये 'सर्व्हरएलियस' ची ओळ घालावी लागते. एचटीटीपीएसच्या नादी लागू नका, जुन्या विंडोजचं एन्क्रिप्शन आजच्या सर्व्हरला चालत नाही.

सांबाची कथा वेगळीच. एक्सपी आणि त्याआधीच्या सगळ्यांना फक्त एसएमबी१ (विंडोजच्या शेअरिंग प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) येतं, आणि सांबा ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते डिफॉल्टने बंद आहे. कालपर्यंत चालत होतं, अपग्रेड केलं आणि बंद पडलं, असं कोणी म्हणालं की हेच. एसएमबी.कॉन्फच्या ग्लोबल भागात 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' आणि 'एनटीएलएम ऑथ = येस', आणि ९८ साठी वर 'लॅनमॅन ऑथ = येस' असं लिहावं लागतं, आणि हे लिहिल्यानंतर पासवर्ड 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने परत टाकावा लागतो कारण जुन्या पद्धतीचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) आधी साठवलेलाच नसतो. ही तिन्ही सेटिंग सुरक्षेच्या दृष्टीने वाईट आहेत. म्हणून 'होस्ट्स अलाउ' मध्ये फक्त त्या एका पीसीचा पत्ता टाका आणि त्या मशीनवर फाइल शेअर ठेवू नका.

सांबात नेहमी अडणाऱ्या आणखी जागा: शेअरचं नाव १२ अक्षरांपेक्षा मोठं असेल तर ९८ ला ते चालत नाही, 'टेस्टपार्म' तशी वॉर्निंगही देतं. स्पूलचा फोल्डर /व्हार/स्पूल/सांबा, त्याची परवानगी १७७७ हवी. आणि एक्सपीत प्रिंटर नीट चालतो पण खिडकीत 'अ‍ॅक्सेस डिनाइड' दिसत राहतं, त्याला 'यूज क्लायंट ड्रायव्हर = येस' हा उपाय.

जॉब पोचतोय पण कागदावर कचरा येतोय

आता खरा गाभा. प्रिंटची भाषा कोण तयार करणार हे एकदाच ठरवा. दोनच पद्धती नीट चालतात. एक, जुन्या पीसीवर त्या प्रिंटरचा खरा ड्रायव्हर आणि युनिक्सवर 'रॉ' क्यू, जी काहीही न बदलता पुढे ढकलते. दोन, जुन्या पीसीवर साधा पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची एक भाषा) ड्रायव्हर आणि युनिक्सवर योग्य ड्रायव्हर असलेली क्यू, जी पोस्टस्क्रिप्टचं भाषांतर करून प्रिंटरला देते. या दोघांची भेसळ केली की कचरा येतो.

मी दुसरी पद्धत घ्या म्हणेन. प्रिंटर बदलला तरी जुन्या पीसीला हात लावावा लागत नाही, आणि नव्या प्रिंटरला ९८ चा ड्रायव्हर मिळणार तरी कुठून. शिवाय कप्सने रॉ क्यू पुढे काढून टाकणार असं जाहीर केलेलं आहे. जुन्या विंडोजच्या स्वतःच्या यादीत ॲपल लेझररायटर मालिकेतली मॉडेल असतात, त्यातलं एखादं पोस्टस्क्रिप्टवालं निवडा, रंगीत हवं असेल तर कलर लेझररायटर. समोर ॲपलचा प्रिंटर नसला तरी काही बिघडत नाही, आपल्याला फक्त त्याची भाषा हवी आहे.

कागदावर काय आलं त्यावरून दोष ओळखता येतो. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस-अडोबी असं काहीतरी छापलं आणि मग पानंच्या पानं कोड आला, तर पोस्टस्क्रिप्ट तसंच्या तसं अशा प्रिंटरकडे गेलंय ज्याला ते कळत नाही, म्हणजे क्यू रॉ आहे. किंवा कप्सने फाइल ओळखली नाही आणि साधा मजकूर समजून छापली. कप्स फाइलच्या सुरुवातीचे बाइट बघून प्रकार ठरवतं, त्यामुळे ड्रायव्हरने आधी काही वेगळी अक्षरं टाकली तर गफलत होते. पीसीवरच्या पोस्टस्क्रिप्ट सेटिंगमध्ये आधी काही पाठवायचे पर्याय असतील तर बंद करून बघा.

लॉगमध्ये डॉक्युमेंट फॉरमॅट सपोर्ट होत नाही असं आलं आणि प्रकार 'ऑक्टेट-स्ट्रीम' दिसला, तर खऱ्या ड्रायव्हरचा डेटा आलाय आणि कप्सला त्याचं काय करायचं कळत नाही. जुन्या कप्समध्ये माइम.टाइप्स आणि माइम.कन्व्ज या दोन फाइलींत ऑक्टेट-स्ट्रीमची ओळ सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) लावून बंद असते, दोन्हीकडचा हॅश काढून कप्स रीस्टार्ट करा. कप्स-एलपीडीला '-ओ डॉक्युमेंट-फॉरमॅट=' पुढे अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम देण्याचीही सोय आहे. 'फिल्टर फेल्ड' आलं तर बहुतेक गोस्टस्क्रिप्ट (पोस्टस्क्रिप्टचं भाषांतर करणारा प्रोग्राम) किंवा प्रिंटरचं फिल्टर पॅकेज इन्स्टॉल नाही, त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचा, तिथे कुठला प्रोग्राम मिळाला नाही ते लिहिलेलं असतं.

मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातोय, तर ओळ संपवण्याच्या चिन्हाचा फरक आहे. युनिक्स फक्त लाइन फीड देतं, प्रिंटरला त्याबरोबर कॅरेज रिटर्न लागतो. युनिक्सवरून साधा टेक्स्ट रॉ क्यूत टाकला की हे होतं, फिल्टर असलेल्या क्यूत टाका.

पानाच्या वरचा-खालचा भाग कापला जातोय किंवा प्रिंटर कागद मागत थांबतोय, तर आकार तपासा. लेझररायटर ड्रायव्हर कधीकधी लेटर धरून बसतो, म्हणजे २१६ बाय २७९ मिमी, आणि ट्रेमध्ये एफोर असतो, २१० बाय २९७. पीसीवर आणि क्यूवर दोन्हीकडे एफोर करा.

इंग्रजी नीट छापलं जातं पण बाकी लिपीचे जुने फॉन्ट भलतीच अक्षरं देतात? ड्रायव्हर ट्रूटाइप फॉन्टच्या जागी प्रिंटरचा फॉन्ट वापरतोय. फॉन्ट टॅबमध्ये बदली बंद करा आणि ट्रूटाइप डाउनलोड करून पाठवायला सांगा.

डॉस आणि जुना मॅक

डॉस प्रोग्राम फक्त एलपीटी१ ओळखतो. त्यामुळे इथे सांबाच लागतं, 'नेट यूज एलपीटी१:' पुढे दोन उलटे स्लॅश, सर्व्हर, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव. प्रोग्राम बंद केल्यावरच कागद येत असेल तर तो पोर्ट बंदच करत नाहीये, त्यामुळे स्पूलरला जॉब संपला हे कळत नाही. शेवटचं पान अडकून राहतं ते फॉर्म फीड न पाठवल्यामुळे. चौकटीच्या रेघांऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली तर कॅरेक्टर सेटचा प्रश्न, कप्स यूटीएफ-८ धरून चालतं आणि डॉसचा कोडपेज वेगळा, मधे 'आयकॉन्व्ह'ने बदल करावा लागतो.

क्लासिक मॅकवर लेझररायटर ८ ड्रायव्हर आणि डेस्कटॉप प्रिंटर युटिलिटीमध्ये एलपीआरचा पर्याय असतो, तोच घ्या. ॲपलटॉकच्या वाटेला जायचं असेल तर नेटॅटॉकची (युनिक्सवर मॅकच्या या जुन्या नेटवर्क प्रोटोकॉलची सोय देणारा प्रोग्राम) आवृत्ती बघून घ्या, ३ मध्ये ॲपलटॉक काढून टाकलं होतं आणि ४ मध्ये परत आणलं.

तरीही कळत नसेल तर वायर ऐका

युनिक्सवर रूट होऊन 'टीसीपीडंप' लावा, पोर्ट ५१५ आणि पीसीचा पत्ता देऊन. पीसीकडून एकही पॅकेट आलं नाही तर पीसीवरचा पोर्ट चुकीच्या पत्त्यावर आहे. पॅकेट आलं आणि लगेच रीसेट गेला तर कप्स-एलपीडी चालू नाही. पॅकेट येतायत पण उत्तरच जात नाही तर फायरवॉल. जोडणी झाली तर पीसी आधी एक बाइट पाठवतो ज्याची किंमत २, म्हणजे जॉब घे, आणि मागे क्यूचं नाव, हे नाव 'टीसीपीडंप -एक्स' मध्ये डोळ्यांनी वाचता येतं, स्पेलिंग तिथेच पकडा. सर्व्हरने शून्य बाइट दिला तर स्वीकारलं, शून्याशिवाय काहीही दिलं तर नाकारलं, आणि नाकारण्याचं कारण बहुतेक वेळा क्यूचं नाव चुकलेलं असणं हेच असतं.

सगळं चालू झाल्यावर डीबग लॉगिंग बंद करा, 'कप्सकंट्रोल'ला डॅश डॅश नो-डीबग-लॉगिंग, नाहीतर प्रत्येक जॉबमागे ढीगभर ओळी लिहिल्या जात राहतात. आणि कप्स-एलपीडी स्वतः कोणाला अडवत नाही, म्हणून फायरवॉलमध्ये ५१५ फक्त त्या जुन्या पीसीच्या आयपीसाठी उघडा ठेवा, बाकीच्यांसाठी बंद.